रुकवुडच्या तळावरची फुली आणि अमेरिकन आर्ट पॉटरीचा संग्रह

ओहायो राज्यात राहणाऱ्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्या घरातील सामान विक्रीला काढलेल्या एका इस्टेट सेलमध्ये त्यांनी साधारण सात इंच उंचीची एक फुलदाणी घेतली. तिच्यावर निळसर-करड्या छटांत धुक्यातली झाडे आणि त्यांच्यामागे पाणी असे चित्र आहे. तळावर एकमेकांना पाठ लावून उभी असलेली ‘आर’ आणि ‘पी’ ही अक्षरे, त्यांच्याभोवती ज्वालांचे वर्तुळ, खाली रोमन आकड्यांत अकरा, मग ‘९५० ई’, ‘व्ही’ हे अक्षर आणि हाताने कोरलेली ‘ई’ व ‘डी’ ही आद्याक्षरे आहेत. या सगळ्यांवरून ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, कापत गेलेली एक फुलीही आहे. ही फुलदाणी खरी आहे का, फुलीमुळे तिचे मोल संपते का, आणि यापुढे अशा वस्तूंचा संग्रह करायचा झाल्यास चिन्हांची यादी पाठ केली म्हणजे पुरेसे होईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दिलासा देणारी आहेत. वर्णनावरून फुलदाणी रुकवुड या आर्ट पॉटरी, म्हणजे कलात्मक मातीकाम, करणाऱ्या कारखान्याची आणि खरी असण्याची शक्यता दाट आहे आणि फुलीमुळे तिचे मोल कमी होत असले तरी संपत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे. तळावरची चिन्हे वस्तू कोणी आणि केव्हा केली हे सांगतात, ती कितपत चांगली आहे हे सांगत नाहीत, आणि काही कारखान्यांच्या बाबतीत तर ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ यांवरही विश्वास ठेवता येत नाही. प्रत्येक कारखान्याचा तळ वेगळ्या प्रकारे वाचावा लागतो.

रुकवुडचा तळ हा सर्वांत विश्वासार्ह तळांपैकी एक आहे. सिनसिनाटीत मारिया लाँगवर्थ निकल्स यांनी १८८० मध्ये हा कारखाना काढला आणि वडिलांच्या शहराबाहेरील वाडीचे नाव त्याला दिले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पाहिलेल्या जपानी पात्रांनी त्यांना वेड लावले होते. ग्लेझच्या खाली रंगीत मातीच्या पातळ लेपाने, म्हणजे स्लिपने, चित्र काढण्याचे तंत्र त्याच शहरातील मेरी लुईझ मॅकलॉफ्लिन यांनी त्यांच्याही आधी साधले होते आणि दोघींमधील चढाओढ सर्वश्रुत होती. (त्याच दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या नक्षीची झिलईदार पात्रे घडत होती. आर्ट पॉटरी ही त्या काळात जगभर पसरलेली लाट होती, हे अमेरिकन संग्राहक सहसा विसरतात.) १८८३ मध्ये विल्यम वॉट्स टेलर व्यवस्थापक म्हणून आले आणि हौशी बाईंच्या कारखान्याला व्यापारी शिस्त लागली. १८८६ पूर्वीच्या वस्तूंवर बहुधा रुकवुडचे नाव आणि साल सरळ लिहिलेले आढळते. १८८६ मध्ये ‘आर-पी’चे जोडचिन्ह आले, १८८७ पासून दरवर्षी त्याच्यावर एक ज्वाला वाढत गेली, १९०० मध्ये ज्वाला चौदा झाल्या आणि १९०१ पासून त्याच चौदा ज्वालांच्या खाली रोमन आकड्यांत साल येऊ लागले. त्यामुळे आपल्या फुलदाणीवरचा अकरा म्हणजे १९११ होय.

उरलेली चिन्हे वाचणेही सोपे आहे. ‘९५०’ हा आकाराचा क्रमांक असून ‘ई’ हे त्या आकारातील मापाचे अक्षर आहे. ‘ए’ सर्वांत मोठे आणि पुढची अक्षरे उतरत्या क्रमाने लहान. ‘व्ही’ म्हणजे व्हेलम हे ग्लेझ. ‘ई’ आणि ‘डी’ ही एड डिअर्स यांची आद्याक्षरे असणार. ते रुकवुडमध्ये अनेक वर्षे होते आणि व्हेलमवरील निसर्गदृश्ये ही त्यांची ओळख होती. साल, ग्लेझ, चित्रकार आणि विषय या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात, आणि खरेपणाचा माझ्या दृष्टीने हाच सर्वांत भक्कम पुरावा असतो. एखादे चिन्ह खोटे करता येते, पण चार चिन्हे आणि चित्र यांचा मेळ खोटा करण्यासाठी बनावट करणाऱ्याला बरेच शिकावे लागते, आणि तेवढे शिकण्याचे कष्ट तो क्वचितच घेतो. १८९० च्या चिन्हाखाली व्हेलम ग्लेझ दिसले असते, तर मी वस्तू परत ठेवायला सांगितले असते, कारण हे ग्लेझ १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनातच पहिल्यांदा लोकांसमोर आले.

व्हेलमविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या फुलदाणीचे मोल त्याच्यात आहे. त्या काळातील मॅट, म्हणजे चकाकी नसलेली, ग्लेझ अपारदर्शक असत. त्यांच्याखाली चित्र काढले तर ते झाकले जाई, आणि चित्र दाखवायचे तर चकचकीत पारदर्शक ग्लेझ घ्यावे लागे. रुकवुडचे रसायनतज्ज्ञ स्टॅन्ली बर्ट यांनी साधलेले व्हेलम मंद पोताचे असूनही पारदर्शक आहे, आणि ते चित्रावर धुक्याचा पातळ पडदा धरते. म्हणूनच संध्याकाळ, पहाट, बर्फ, नदीकाठ असे विषय त्याच्याखाली खुलले. या ग्लेझमध्ये बारीक भेगांचे जाळे पडणे अगदी सामान्य आहे आणि त्याला दोष मानून घाबरू नये. पण जाळे अजिबात न पडलेली वस्तू दुर्मीळ असते आणि तिला अधिक किंमत मिळते. आपली फुलदाणी खिडकीजवळ तिरकी धरून पाहावी. जाळे डोळ्यांत भरत नसेल आणि चित्रातील दूरची झाडे स्पष्ट उमटत असतील, तर प्रत चांगली आहे.

आता फुली. भट्टीतून निघालेली वस्तू कारखान्याच्या कसोटीला उतरली नाही, तर रुकवुडमध्ये तिच्या तळावर घासणीच्या चाकाने ग्लेझ कापून फुली मारीत आणि ती दुय्यम प्रत म्हणून कमी किमतीत विकीत. फुली पाहिल्यावर पहिले काम म्हणजे तिचे कारण शोधणे. काठाजवळ ग्लेझ पोहोचलेले नाही, भट्टीत शेजारच्या वस्तूला चिकटल्याची खूण आहे, ग्लेझवर मिऱ्याच्या दाण्यांसारखे काळे ठिपके उठले आहेत, किंवा चित्राचा रंग विरून गेला आहे, अशी ती कारणे असतात. अनेकदा आजच्या डोळ्याला काहीच सापडत नाही, कारण तेव्हाची कसोटी आपल्यापेक्षा कडक होती. कारण तळाजवळ किंवा मागच्या बाजूला असेल, तर मी अशी वस्तू आनंदाने घेतो. चित्राच्या मध्यावरच डाग असेल, तर फुली नसली तरी घेत नाही. बाजार मात्र फुली पाहताच किंमत उतरवतो, आणि दोष दिसत नसताना उतरलेली ही किंमत ज्याला वस्तू घरात ठेवायची आहे अशा माणसाच्या पथ्यावर पडते. पुढे विकताना हीच फुली आपल्यालाही सोसावी लागेल, हे ध्यानात ठेवून घ्यावे.

रुकवुडचा तळ इतका बोलका असल्यामुळेच नवा संग्राहक एका सापळ्यात अडकतो. १९११ चे किंवा १९२१ चे चिन्ह दिसले की वस्तू जुनी आणि म्हणून मौल्यवान, असा हिशेब तो मांडतो. प्रत्यक्षात त्याच वर्षी, त्याच छपराखाली, तेच चिन्ह घेऊन दोन अगदी वेगळ्या जातीच्या वस्तू बाहेर पडत होत्या. एक म्हणजे चित्रकाराने हाताने रंगवून सही केलेली एकमेव वस्तू, आणि दुसरी म्हणजे साच्यातून काढून एकरंगी मॅट ग्लेझ दिलेली, शेकड्यांनी निघालेली वस्तू. पुस्तके टेकवण्याचे जोड आणि कावळ्याच्या आकाराची कागदवजने या दुसऱ्या जातीची. ती सुंदर असतात, मलाही आवडतात, पण त्यांच्या तळावर चित्रकाराने हाताने कोरलेली आद्याक्षरे नसतात आणि त्यांची किंमत पहिल्या जातीच्या जवळपासही जात नाही. पहिल्या जातीतही चित्रकाराप्रमाणे आणि विषयाप्रमाणे फार मोठा फरक पडतो. कातारो शिरायामादानी १८८७ मध्ये रुकवुडमध्ये आले आणि मधला जपानमधील काळ वगळता १९४८ मधील मृत्यूपर्यंत तेथेच काम करीत राहिले. त्यांची जपानी लिपीतील सही लिलावात गर्दी खेचते. कार्ल श्मिट यांची आयरिसची फुले, सारा सॅक्स यांची रंगसंगती, मॅथ्यू डेली यांनी रंगवलेली मूळ अमेरिकन लोकांची व्यक्तिचित्रे यांचीही तीच गोष्ट आहे. तरीही सहीला भुलू नये. मोठ्या चित्रकारानेही आठवडाभराचे नेहमीचे काम म्हणून चार साधी फुले रंगवलेली असतात, आणि कमी नावाजलेल्या कलावतीच्या हातून एखादा दिवस असा येतो की वस्तू संग्रहालयात शोभावी.

रुकवुडचे सर्वाधिक ओळखीचे रूप म्हणजे तपकिरी पार्श्वभूमीवर पिवळी-नारिंगी फुले आणि वर पिवळसर झाक असलेले चकचकीत ग्लेझ, ज्याला तेथे ‘स्टँडर्ड’ म्हणत. गडद रंगातून फिकट रंगात अलगद उतरणारी ती पार्श्वभूमी शक्य झाली ती लॉरा फ्राय यांनी १८८४ च्या सुमारास स्लिप फवारण्याची युक्ती काढल्यामुळे. त्यांनी १८८९ मध्ये तिचे पेटंट मिळवले आणि पुढे रुकवुडवरच दावा लावला. १८९८ मध्ये तो निकालात निघाला आणि फ्राय हरल्या. निकाल देणारे न्यायाधीश होते विल्यम हॉवर्ड टॅफ्ट, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. या खटल्याशी आपला संबंध एवढाच, की तपकिरी शैली कोणा एकाची राहिली नाही आणि ओहायोतच झेन्सव्हिलच्या परिसरात तिच्या नकला धडाक्याने निघाल्या. वेलरची लुवेल्सा, ओवेन्सची युटोपियन आणि रोझव्हिलची रोझेन या तिन्ही मालिका दुरून रुकवुडसारख्याच दिसतात. जवळ घेतल्यावर फरक कळतो. रुकवुडमध्ये पाकळीची कड जमिनीत विरते, नकलांमध्ये ती बहुधा वरून चिकटवल्यासारखी वाटते. तपकिरी वस्तूंच्या किमती विसाव्या शतकाच्या अखेरीस होत्या त्या मानाने आज बऱ्याच उतरल्या आहेत, कारण आजच्या घरांना गडद वस्तू चालत नाहीत. नव्या माणसाला कमी पैशांत उत्तम चित्रकाराचे काम घेण्याची संधी आज याच विभागात आहे, असे माझे मत आहे. मात्र ती गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

रोझव्हिल पॉटरीचा तळ हा रुकवुडच्या अगदी उलट आहे. १८९० मध्ये सुरू झालेला आणि १९५४ मध्ये बंद पडलेला हा कारखाना पुढे साच्यातील मालाकडे वळला आणि त्याने घराघरांत परवडणाऱ्या फुलदाण्या पोहोचवल्या. त्याच्या १९२० आणि १९३० च्या दशकांतील कित्येक उत्तम मालिकांवर, उदाहरणार्थ सनफ्लॉवर, ब्लॅकबेरी, विस्टेरिया यांच्यावर, केवळ कागदी किंवा चंदेरी-सोनेरी चिकटपट्टी असे. ती धुण्यात निघून गेली की तळ कोरा राहतो. नंतरच्या मालावर ‘रोझव्हिल यू.एस.ए.’ अशी उठावाची अक्षरे आणि आकाराचा क्रमांक आढळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून आलेल्या नकलांनी नेमकी हीच अक्षरे उचलली. सुरुवातीच्या नकलांवर ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे नसत. पुढे तीही कोठे पुसट तर कोठे ठळक येऊ लागली. म्हणजे ज्या तळावर चिन्ह नाही ती वस्तू खरी आणि ज्याच्यावर आहे ती खोटी, असा उलटा प्रकार या कारखान्याच्या बाबतीत वारंवार घडतो. ओळखायचे ते घडणीवरून. खऱ्या वस्तूत पानाच्या शिरा आणि फुलाचे पराग कोरीव व नेटके असतात, रंग उठावाच्या कडेवर अचूक थांबतो, हिरव्यातून तपकिरीत जाणारी छटा मऊ असते. नकलेत शिरा बुजलेल्या, रंग सैल फासलेला आणि एकूण तेज भडक असते. ‘पाइन कोन’ या मालिकेतली खरी फुलदाणी एकदा हातात धरलेल्या माणसाला नकलेसाठी तळ पाहावाच लागत नाही.

कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या व्हॅन ब्रिगलबाबत तळ न पाहणे हेच महागात पडते. आर्टस व्हॅन ब्रिगल रुकवुडचे नावाजलेले चित्रकार होते. क्षयामुळे १८९९ मध्ये त्यांनी पश्चिमेकडील कोरड्या हवेचा आसरा घेतला, तेथे स्वतःचा कारखाना काढला आणि १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी ॲन यांनी काम पुढे चालवले. अडचण अशी की आर्टस यांनी घडवलेली रूपे, विशेषतः काठाभोवती वेढून बसलेल्या जलकन्येची ‘लोरेलाय’, साच्यांतून पुढे अनेक दशके निघत राहिली. रूप १९०१ च्या आसपासचे, पण हातातली वस्तू कदाचित १९७० ची. आर्टस आणि ॲन यांच्या नावांचे जोडलेले दोन ‘ए’ दोन्हींवर असतात. पहिल्या वर्षांतील वस्तूंवर साल कोरलेले असते आणि फरक तेथेच कळतो, शिवाय जुन्या ग्लेझची खोली आणि उठावाची धार नव्यात नसते.

तळ खरा आणि वरचे सगळे खोटे, असाही एक विलक्षण प्रकार आहे. मिसिसिपीतील बिलॉक्सी गावचे जॉर्ज ओर (१८५७–१९१८) हे अमेरिकन मातीकामातील सर्वांत स्वतंत्र बुद्धीचे कारागीर. कागदाइतकी पातळ भिंत चाकावर ओढायची आणि मग ती ओलेपणीच मुरडायची, चेपायची, दुमडायची, ही त्यांची पद्धत. १८९४ च्या आगीत त्यांची कार्यशाळा जळाली आणि त्यानंतरचे त्यांचे काम अधिकच धीट झाले. ते हयात असताना फारसे कोणी घेतले नाही. हजारो पात्रे कुटुंबाच्या मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये पडून राहिली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यू जर्सीतील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या नजरेस आली. पुढे किमती चढल्या तशी लबाडीही आली. ओर यांनी बरीच पात्रे ग्लेझ न देता, केवळ भाजलेल्या मातीच्या रूपात ठेवली होती. रंगीत पात्रांना जास्त किंमत येते हे पाहून यांपैकी काहींवर नंतर इतरांनी ग्लेझ चढवून ती पुन्हा भाजली. अशा पात्राची घडण ओर यांची, सही ओर यांची, पण ग्लेझ परके. ओर यांचे ग्लेझ मातीच्या सुरकुत्यांत वितळून बसलेले, पातळ आणि ठिकठिकाणी रंग बदलणारे असते. नंतरचे ग्लेझ जाड, एकसारखे आणि घडीच्या खाचा भरून टाकणारे असते. या विभागात वस्तूच्या मालकीचा मागोवा कागदोपत्री नसेल, तर नव्या माणसाने पैसे घालू नयेत. ग्लेझ न दिलेली पात्रे तुलनेने स्वस्त मिळतात आणि माझ्या डोळ्याला तीच ओर यांची खरी ताकद दाखवतात.

न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम महिला महाविद्यालयाचा तळ म्हणजे एक छोटी नोंदवहीच आहे. १८९५ मध्ये सुरू झालेल्या आणि १९४० पर्यंत चाललेल्या या उपक्रमात विद्यार्थिनी आणि माजी विद्यार्थिनी नक्षी करीत, चाकावर मात्र दीर्घकाळ जोसेफ मायर हे कुंभार बसत. ‘सी’च्या पोटात ‘एन’ हे संस्थेचे चिन्ह, कुंभाराची आणि नक्षी करणारीची आद्याक्षरे आणि वर्ष कळेल अशी नोंदणीची अक्षरे हे सर्व बहुधा एकाच तळावर मिळते. तरीही या नोंदीतून कळत नाही ती गोष्ट अशी, की १९१० मध्ये पॉल कॉक्स हे रसायनतज्ज्ञ आल्यानंतर मॅट ग्लेझ रूढ झाले, आणि पुढची वर्षे शेवाळ लोंबणारी ओकची झाडे व त्यांच्यामागे चंद्र हा एकच देखावा मागणीप्रमाणे फिरून फिरून निघत राहिला. सेडी अर्विन आणि अ‍ॅना सिम्पसन यांच्या हातचे हे चांदणे मोहक आहे, पण त्याआधीची चकचकीत ग्लेझची, ठळक कोरीव रेषांची पात्रे मनाने अधिक ताजी आहेत आणि बाजारही त्यांना अधिक मान देतो.

बोस्टनच्या ग्रूबी फेयन्सविषयी थोडक्यात सांगतो. तिचे हिरवे मॅट ग्लेझ कलिंगडाच्या सालीसारखे असते, आणि ते इतके जाड की तळावरचा शिक्का पुष्कळदा त्याच्यात बुडून जातो. पानांच्या कडा मातीच्या बारीक वळ्या लावून हाताने उठवलेल्या असतात. त्या कडांवरचे सूक्ष्म टवके सर्वजण चालवून घेतात, कारण ते नसलेले पात्र मिळणे कठीण. हिरव्या मॅट ग्लेझची नक्कल तेव्हा देशभर झाली. बोटांना कडेची ती वळी लागली पाहिजे.

तळाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वेळ वस्तूच्या स्थितीला द्यावा. केसाएवढी एक चीर किंवा काठावर केलेली डागडुजी यामुळे किंमत निम्म्यावर आणि कधी त्याहून खाली येते. वस्तू आधी बोटांनी वाचावी. काठावरून डोळे मिटून बोट फिरवले तर रंग लावून झाकलेला टवका किंचित उबदार आणि मऊ लागतो, खरे ग्लेझ थंड असते. मग नखाने हलकेच टिचकी मारून नाद ऐकावा. चीर असेल तर आवाज बद्द येतो, पण ग्रूबीसारख्या जाड भिंतीच्या पात्राला ही परीक्षा लागू पडत नाही. अतिनील दिव्याखाली जुनी डागडुजी वेगळ्या रंगाने चमकते. अलीकडचे कुशल कारागीर मात्र न चमकणारी द्रव्ये वापरतात, म्हणून दिव्याने काही दाखवले नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही. तळाच्या मध्यभागी छिद्र असेल तर वस्तूचा कधीतरी दिवा केलेला आहे. छिद्राच्या कडेवर ग्लेझ उतरलेले असेल तर ते कारखान्यातच पाडलेले आहे आणि दोष धरला जात नाही. कडा कोरडी, पांढरट आणि खरबरीत असेल तर ते नंतर पाडलेले आहे.

किमतीसाठी दुकानातील चिठ्ठी हा पुरावा नव्हे, लिलावात प्रत्यक्ष उतरलेली किंमत हा पुरावा होय. सिनसिनाटीतील हमलर अँड नोलन आणि न्यू जर्सीतील रेगो या लिलावगृहांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले आहे आणि त्यांच्या जुन्या लिलावांचे निकाल पाहता येतात. ते पाहताना त्याच चित्रकाराची, त्याच ग्लेझची आणि जवळपास त्याच उंचीची वस्तू शोधावी आणि विक्रीचे साल जरूर पाहावे, कारण पंचवीस वर्षांपूर्वीची किंमत आज दिशाभूल करते. बोली लावताना लिलावगृहाचे कमिशन आधीच धरावे. ते बोलीच्या पाव हिश्श्याच्या आसपास जाते आणि त्यावर वाहतूक असते.

शिकण्यासाठी मात्र खरेदीपेक्षा पाहणे महत्त्वाचे आहे, आणि आपण ओहायोत राहता हे आपले भाग्य आहे. सिनसिनाटी आर्ट म्युझियममध्ये रुकवुडचा जो संग्रह आहे त्याच्या तोडीचा दुसरा नाही. झेन्सव्हिलच्या कलासंग्रहालयात वेलर, ओवेन्स आणि रोझव्हिल एकाच ठिकाणी भेटतात. प्रवास जमला तर बिलॉक्सीचे ओर-ओकीफ संग्रहालय आणि फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे २०२१ मध्ये उघडलेले अमेरिकन आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचे संग्रहालय चुकवू नये. पण काचेआडची वस्तू उलटी करता येत नाही. म्हणून लिलावाआधी वस्तू पाहायला ठेवतात त्या दिवशी जावे, काहीही घ्यायचे नसले तरी. तेथे शंभर पात्रे हातात घेता येतात. मी नव्या माणसाला एक सवय लावायला सांगतो. वस्तू आधी उभी पाहावी, ती कोणत्या कारखान्याची आणि कोणत्या दशकाची याचा मनाशी अंदाज करावा, आणि मगच तळ पाहावा. तळाने अंदाज चुकवला तर दोन्हींपैकी कोण चुकले हे शोधावे. त्या शोधात जे कळते ते कोणत्याही यादीतून कळत नाही.

संग्रह कोणत्या दिशेने वाढवावा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. माझा कल असा, की एकच कारखाना किंवा एकच ग्लेझ धरून काही काळ काढावा. आपल्या हातात व्हेलम आलेच आहे, तर १९०५ ते १९३० या काळातील व्हेलमची निसर्गदृश्ये हा पुरेसा मोठा विषय आहे. नामांकित चित्रकाराचे, पण तुटल्यावर जोडून वरून रंगाने झाकलेले मोठे पात्र आणि साध्या चित्रकाराचे लहान पण निर्दोष पात्र एकाच किमतीत मिळत असेल, तर दुसरे घ्यावे. पहिले घेणाऱ्याची नजर रोज त्या सांध्याकडेच जाते.

आपल्या फुलदाणीपुरते आता इतके करावे. तिच्यात पाणी घालून फुले ठेवू नयेत, कारण ग्लेझच्या भेगांतून पाणी मातीत शिरते आणि आतून डाग वर येतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड यांनी ती पुसता येईल. भेगांतील काळपटपणा घालवण्यासाठी ब्लीच वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. तळाचा, चारही बाजूंचा आणि फुलीचा जवळून फोटो काढून विक्रीच्या पावतीसोबत ठेवावा आणि मागच्या मालकाविषयी काही कळले असेल तर तेही त्याच कागदावर लिहावे. तिरप्या उजेडात फुलीचे कारण सापडले तर त्याचाही फोटो ठेवावा. विकायची वेळ आली तर खरेदीदाराचा पहिला प्रश्न तोच असेल, आणि दोष नेमका कोठे आहे हे दाखवता आले तर तो त्याहून मोठा दोष मनात धरणार नाही.